सात थरांची वहाण

भिवा गुरवाने दुसऱ्या वहाणेवरचं लाल फडकं सोडलं, ती पहिलीच्या शेजारी ठेवली, आणि देवळातला ढोल मधेच थांबला.

ढोलवाल्याला कोणी थांब म्हटलं नव्हतं. त्याला जे दिसलं ते मला खालून दिसत नव्हतं, एवढंच. देवाच्या वहाणा आमच्या घरच्या, पण आमचे पाय तिसऱ्या पायरीच्या वर जायचे नाहीत, असा तेव्हाचा गावचा कायदा. वहाण चालते, वहाण करणारा चालत नाही. असो. मी टाचा उंच करून बघितलं. वाटोबाच्या पायाशी दीड-दीड हात लांबीच्या दोन कोऱ्या वहाणा होत्या. उजवी बरोबर होती. डावी तिच्यापेक्षा दोन बोटं उंच होती.

डावी मी केली होती.

आमच्या कोंडवळ्याचा वाटोबा हा चालता देव. रोज पहाटे कोंबडा आरवायच्या आधी तो गावाची शीव फिरून येतो. दर जत्रेला त्याच्या पायाशी नवा जोड ठेवायचा आणि झिजलेला जुना जोड आमच्या घरी परत यायचा, कारण देवाची उतरलेली वहाण चांभाराशिवाय कोणी हातात घ्यायची नाही. मुंबईहून आलेले एक पाहुणे मला म्हणाले होते, "उंदीर कुरतडत असतील हो." मी म्हटलं, "साहेब, उंदराचा दात आणि माणसाचं पाऊल यांतला फरक मला शिकवू नका. मी पन्नास वर्षं लोकांच्या टाचा वाचतोय."

आणि त्या कामाची एक रीत होती. देवाची जोडी देवाआधी कोणी जुळलेली बघायची नाही. उजवी घरातल्या मोठ्याने करायची, डावी धाकट्याने. एकाने पडवीत बसायचं, दुसऱ्याने मागच्या खोपीत. झाली की प्रत्येकाने आपापल्या फडक्यात गुंडाळायची. दोन्ही पहिल्यांदा शेजारी येणार त्या देवासमोर. उजवी नेहमी बाबा करायचे, डावी काका. त्या वर्षी पावसाळ्यात काका गेला आणि डावी माझ्याकडे आली. मी एकोणीस वर्षांचा होतो.

"विश्राम, तळाक पाच थर," बाबांनी सांगितलं होतं. "उगाच हुशारी करू नको."

मी हुशारी केली नव्हती, देवाशपथ. पण आता सगळं गाव माझ्या डाव्या वहाणेकडे बघत होतं.

"लवू!" नाना परब, गावचे पहिले मानकरी, वरच्या पायरीवरून गरजले. "ह्या काय केलंस? देवाक लंगडो केलंस?"

बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग हात जोडले. "चूक झाली, नानानू. हात माझोच."

माझं तोंड उघडलं तशी त्यांनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला दाबून.

"उचल ती, भिवा," नाना म्हणाले. "दुसरी करून आणूदेत."

भिवा गुरव सत्तरीला आलेला, चाळीस वर्षं देवळाच्या ओसरीवर झोपणारा माणूस. तो जागचा हलला नाही. "पायाकडे ठेवलेली वहाण देवान घातल्याबिगर उचलूची नाय. रीत आसा. अवसेक बघूया."

रीत होतीच. जत्रा पौर्णिमेची. पुढच्या अवसेला सकाळी आमच्या घरच्या मोठ्याने वहाणा उलट्या करून बघायच्या. तळाला झिजेची खूण असली तर देवाने मानल्या. नसली तर मान दुसऱ्या घराला. आमच्या चार पिढ्यांत असं कधी झालं नव्हतं.

"बघूया," नाना म्हणाले. "नाय घातल्यान तर लवूच्या घराकडसून मान गेलो म्हणान समजा."

आणि मग गर्दीतून कोणीतरी, कोण ते मला आजही कळलेलं नाही, स्पष्ट आवाजात म्हणालं, "लंगडा चेडू घरात. तेचीच सावली पडली वहाणेर."

मी मागे वळलो. माझी बहीण अनसूया, आमची अनशी, तुळशी वृंदावनाला टेकून उभी होती. तीन वर्षांची असताना तिला ताप आला, त्या तापात डावा पाय वाळला आणि दोन बोटं आखूड राहिला. जत्रेला ती किती वर्षांनी आली होती. नवं हिरवं लुगडं, आणि पायांत मी केलेला नवा जोड. उजवी वहाण पाच थरांची, डावी सात थरांची. त्या घातल्या की ती अशी सरळ चालायची, की नवख्याला पत्ता लागू नये.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गावाच्या वहाणा बाबा आणि काका करायचे, माझ्याकडे पट्टे, टाके आणि दुरुस्त्या. तळापासून पुरी वहाण मी फक्त अनशीची करायचो, बारा वर्षांचा होतो तेव्हापासून. माझ्या हातून आजवर घडलेली प्रत्येक डावी वहाण तिची होती. हाताने डावी म्हणून चामडं घेतलं आणि सात थर लावून मोकळा झाला. मी मोजलेसुद्धा नाहीत.

अनशीने दोन्ही वहाणा काढल्या, हातात घेतल्या आणि अनवाणी निघाली. एक पाऊल पडायचं, दुसरं घासत यायचं. गर्दी बाजूला सरकली. कोणी हात दिला नाही, तिने मागितलाही नसता.

घरी आलो तर ती चुलीपाशी बसली होती. वहाणा तिने माझ्यासमोर ठेवल्या.

"अनशी, घाल त्या. कंबर धरात तुझी."

"धरू दे." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "देवान आपली घातल्यान, तर मी माझी घालीन. नायतर ही चुलीत जातली. आणि मी घरात."

"आणि बालवाडी?"

वरच्या वाडीत त्या वर्षी बालवाडी निघाली होती आणि बाई म्हणून सातवी पास अनशीचं नाव लागलं होतं. अवस झाली की पुढच्या सोमवारपासून जायचं होतं. कातळ ओलांडून अर्ध्या तासाची वाट. उंच वहाणेशिवाय ती तेवढी चालली असती तर रात्री कंबर धरून रडली असती, आणि आठ दिवसांत अंथरूण धरलं असतं. ते घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी नाव लागल्यापासून ती चुलीसमोर बसून चिमण्यांची, माकडांची गाणी म्हणत होती, पोरांना शिकवायला. लग्नाचं कोणी विचारत नव्हतं, घराबाहेर काम नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणीतरी बोलावलं होतं.

"बालवाडीत दुसरी कोण तरी जायत," ती म्हणाली. "माझी सावली देवार पडता, तर पोरांर नाय पडूची?"

मला इतका राग आला होता की काय सांगू. गावाचा, देवाचा, सगळ्यात जास्त स्वतःच्या हातांचा. आई असती तर तिने दोघांनाही जवळ घेतलं असतं, पण आई कधीच गेली होती, आणि बाबांना मनातलं बोलून दाखवता येत नसे. त्या संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "पाच सांगितलेलंय ना रे तुका?"

"बाबा, डावी म्हणून मी फक्त अनशीचीच केलेली. हात तसोच गेलो."

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण त्यांनी मान वर केली आणि माळ्याकडे बघत राहिले. माळ्यावर देवाचे उतरलेले जोड फडक्यांत बांधून ठेवलेले असायचे. बाबांच्या आणि काकाच्या हातचे सतरा होते. ते तिकडे बघत राहिले ते पेज थंड होईपर्यंत.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. अनशी घरात सरपटल्यासारखी वावरायची. गाणी बंद. पाणवठ्यावर गेलो की बायका बोलायच्या थांबायच्या. तेराव्या दिवशी माझा धीर सुटला. भर दुपारी, देवळात चिटपाखरू नसतं त्या वेळी, मी कमरेला कानस खोचली आणि निघालो. कानशीचे चार हात मारले की कोरा तळ झिजल्यासारखा दिसतो. मला कोण पकडणार? अख्ख्या पंचक्रोशीत चामडं वाचणारे आम्ही दोघंच, मी आणि माझा बाप.

तिसऱ्या पायरीवर पोचलो आणि पाय अडला. कायदा मोडायला आलो होतो, पण पायाला तो पाठ होता.

"कानस थयच ठेव," ओसरीच्या अंधारातून भिवा गुरव म्हणाला.

कानस पायरीवर ठेवून मी बसलो. तो उठून आला आणि माझ्याहून दोन पायऱ्या वर बसला. सुपारी कातरू लागला.

"काका, एकदा उलटी करून बघा तरी," मी म्हटलं. "झिजली काय नाय तेवढाच सांगा."

"अवसेक."

"माझी भयण मरात हो तोवर."

त्याने सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाला, "विश्राम, तुझी भयण वहाणेशिवाय चलता तेवा आवाज कसो येता रे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शिरां पडो तुमच्या तोंडार! थट्टा करतास?" म्हणालो आणि कानस उचलून चालायला लागलो. सत्तर वर्षांच्या माणसाला असं बोललो. त्याने हाक मारली नाही, रागावलाही नाही.

अवसेच्या सकाळी सगळं गाव देवळात. बाबा आणि मी आमच्या पायरीवर. अनशी येणार नव्हती, पण बाबांनी तिला सांगितलं, "जा काय होयत ता डोळ्यान बघ. लोकांच्या तोंडातसून ऐकू नको." म्हणून ती आली, अनवाणी, आणि वृंदावनाच्या मागे उभी राहिली. तिच्या वहाणा मी पिशवीत घालून आणल्या होत्या. कशाला आणल्या, मला माहीत नव्हतं. घरी ठेवल्या तर चुलीत जातील अशी भीती, दुसरं काय?

भिवा गुरवाने वाटोबाला गाऱ्हाणं घातलं. मग दोन्ही वहाणा फडक्यावर घेऊन खाली आला आणि बाबांसमोर न थांबता माझ्यासमोर थांबला.

"डावी तू केलंस. तूच उलटी कर."

म्हणजे बाबांचं 'हात माझोच' त्याने मानलंच नव्हतं. आधी उजवी उलटी केली. बाबा दरवर्षी सांगायचे तशीच. कडा मऊ पडलेल्या, टाचेला चकाकी, टाक्यांत लाल माती, एक करवंदीचा काटा. लोकांनी श्वास सोडला. मग डावी घेतली. सात थरांची, जड. डोळे मिटले, उलटी केली आणि उघडले.

टाच झिजली होती. पंजाही झिजला होता. उजवीइतकाच, ना कमी ना जास्त. टाक्यांत तीच लाल माती, आणि सहाव्या-सातव्या थराच्या मध्ये ओल्या गवताची एक काडी.

"घातल्यान!" मी ओरडलो. "घातल्यान देवान!"

ढोल वाजला. पण नाना परबांनी हात वर केला. माणूस कडक, पण सरळ. "थांबा. घातल्यान ह्या खरा. पण उंच-सखल वहाण घालून सरळ माणूस चलात कसो? वाकडी झिजाक व्हयी. ही सारखी झिजली कशी?"

प्रश्न खरा होता. मी चांभार असून मला सुचला नव्हता.

भिवा गुरव वृंदावनाकडे वळला. "बाय अनसूया, जरा फुडे ये. ह्या फरशेर वहाणेशिवाय चलान दाखव."

अनशीचा चेहरा लाल झाला. "मी तमाशो नाय, काकानू."

"नाय गो बाय." आणि तो म्हातारा, ज्याच्या पाया गाव पडतं, त्याने माझ्या बहिणीला हात जोडले. "एकदाच. माका ऐकाचा आसा."

ती चालली. देवळाच्या अंगणातल्या काळ्या फरशीवर, वृंदावनापासून दीपमाळेपर्यंत. ठक, सर्र. ठक, सर्र. एवढ्या माणसांत दुसरा आवाज नव्हता. भिवा गुरव डोळे मिटून ऐकत होता, आणि त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"हीच," तो म्हणाला. "हीच चाल. चाळीस वर्सां पहाटे ऐकतंय मी. एक पाय पडता, एक घसाटता. आधी वाटला, माझे कान वायट. मगे समाजला. पण सांगू कोणाक? आमचो देव लंगडो म्हणान गावात बोंब मारू?" त्याने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "जत्रेच्या दुसऱ्या दिसापासून तो आवाज नाय. दोनय पाय सारखे पडतत. पंधरा दिस झाले, देव सरळ चलता."

मग भिवा बाबांकडे वळला. "लवू, तुझ्या माळ्यार सतरा जोड आसत. डावीची टाच कशी आसा?"

बाबा खाली बघत होते. "कोरी," ते म्हणाले. "सतराय कोरी. नुसतो पंजो झिजता."

"म्हणजे तुका म्हायत होता."

"होता."

"मगे बोललंस नाय कित्या?"

"तू बोललंस?"

दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. एकाने चाळीस वर्षं ऐकलं, दुसऱ्याने सतरा वर्षं हातात धरलं, आणि दोघांनी आपापल्या परीने देवाची लाज झाकली. नाना परब पुटपुटले, "मी दर वर्साक येतंय. पोरगो मागलंय, पाऊस मागलंय, कोर्टातलो निकाल मागलंय."

"सगळेच मागतो," बाबा म्हणाले. एवढं लांब बोलताना मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतरही ऐकलं नाही. "देवाक कोण इचारतलो, तुझो पाय दुखता काय म्हणान? घरात चेडू आसा म्हणान माझ्या झिलाच्या हाताक तरी ता म्हायत होता. माका म्हायत असान माझ्या हाताक सुचला नाय."

नानांनी पागोटं काढून हातात घेतलं. अनशीकडे बघितलं. मग बाजूला होऊन वाट मोकळी केली, पायऱ्यांची. बाबांना वर यायला खूण केली. बाबा गेले नाहीत. म्हणाले, "ती जाऊ दे."

मी पिशवी उघडली आणि वहाणा तिच्यासमोर ठेवल्या. आधी उजवी, मग डावी. ती माझ्याकडे बघून रडत हसली. "दादा, मेल्या, चूक करूक तुका हीच बरी गावली!" म्हणाली आणि पाय घातले. पायऱ्यांशी त्या परत काढल्या, अनवाणी वर चढली, तिसरी, चौथी, पाचवी, आणि आमच्या घरातलं पहिलं माणूस वाटोबासमोर उभं राहिलं. तिने मागितलं काही नाही. मी खालून ऐकलं. शेजारच्या पोराशी बोलावं तसं ती त्याला म्हणाली, "आता बरा वाटता मां रे?"

सोमवारी ती बालवाडीला निघाली. मी सोडायला येतो म्हटलं तर भांडली. "पोरां हसतली, बाई भावाचा बोट धरून इली म्हणान." म्हणून तिला पुढे जाऊ दिलं आणि अर्ध्या घटकेने मागून निघालो. काळजी होती, खोटं कशाला बोलू?

दंवाने वाटेवरची धूळ ओलसर होती. तिच्या वहाणांचे ठसे मी आंधळेपणीही ओळखले असते. घरापासून शंभर पावलांवर, देवळाकडची वाट येऊन मिळते तिथे, त्यांच्या बाजूने दुसरे ठसे सुरू झाले. दीड हात लांबीचे. डाव्या टाचेचा ठसा उजव्याइतकाच स्पष्ट.

मी चालत राहिलो. दुसरं काय करणार? कातळावर ठसे उमटत नाहीत, तेवढा भाग जीव मुठीत धरून गेलो. कातळ उतरल्यावर मळ्याच्या वाटेला परत दोन्ही होते, शेजारी शेजारी. पुढे कुंभ्याच्या झाडाखाली एक धोंडा आहे. तिथे अनशी कंबर टेकायला बसली होती, ते लुगड्याने पुसलेल्या दंवावरून कळत होतं. तिच्या वहाणांचे ठसे धोंड्याच्या पायथ्याशी. आणि दोन हात पलीकडे ते मोठे ठसे, तोंड तिच्याकडे करून, जागच्या जागी खोल रुतलेले. ती उठेपर्यंत थांबलेल्या माणसाचे असतात तसे. मग पुन्हा दोघांची पावलं बालवाडीच्या आवारापर्यंत. आत फक्त तिची गेली होती. कौलांतून पोरांचा कालवा ऐकू येत होता आणि त्यावर अनशीचा आवाज, माकडाचं गाणं म्हणत.

मी परत फिरलो. बाबा पडवीत कोणाची तरी टाच लावत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी आरी थांबवली नाही.

"मगे?" म्हणाले. "तिका जपून चलूक येता. देवाक अजून नवीन आसा. कोण तरी सोबतीक व्हया."